गाळा कोणाच्या नावावर?

उत्साही : पिंपरी-चिंचवड म्हणजे भोंगे, शिफ्ट आणि सुट्या भागांचे टेम्पो, कलाबिला सगळी मुळा नदीपलीकडे पुण्यात, हा समज आता सोडून द्यायला हवा. जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर भरले. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे मराठी नाट्य संमेलन चिंचवडला झाले. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरातले आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचे निळू फुले रंगमंदिर आणि प्राधिकरणातले ग. दि. माडगूळकर नाट्यगृह अशी पाच नाट्यगृहे महापालिकेने बांधली. म्हणजे दाखवायची सोय झाली. पण प्रयोग हा कामाचा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी तालीम लागते, नेपथ्य ठोकायला उंच छताची जागा लागते, शिल्पकाराला वेल्डिंग पेलेल अशी वीजजोडणी लागते, ध्वनिमुद्रणाला आवाज आत-बाहेर न जाणारी खोली लागते. हे सगळे करायला चिखली-निगडीचा कलावंत पुण्यात जातो, नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर शेजाऱ्यांची बोलणी खात उरकतो. म्हणून माझे म्हणणे असे की या शहराने कलावंतांसाठी एक वसाहत उभारावी. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा सरकारने उद्योजकाला काय दिले? आखलेला प्लॉट, रस्ता, पाणी, वीज आणि ९५ वर्षांचा भाडेपट्टा. माल कोणता काढायचा हे सांगितले नाही. कलावंतालाही तेवढेच हवे आहे. शिवाय हे शहर जवळजवळ एकाच उद्योगावर उभे आहे. वाहनांची मागणी घटली की भोसरीत जॉबवर्क करणाऱ्या लहान कारखान्यांची मशीन थांबतात. कमाईचा आणखी एक आधार या शहराला लागणारच आहे.

शंकेखोर : एमआयडीसीचे उदाहरण तुम्ही अर्धेच दिलेत. भोसरीचे गाळे भरले ते केवळ रस्ता-पाण्यामुळे नव्हे. माल उचलायला टेल्को आणि बजाज जवळच उभे होते म्हणून. तुमच्या वसाहतीतला माल कोण उचलणार, हे आधी सांगा. नाहीतर प्रत्यक्षात काय उभे राहील याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. प्रवेशाला कमान, कमानीवर नावे, उड्डाणपुलाच्या खांबांवर चित्रे, फोटो काढायला मोठाली रंगीत अक्षरे, शेजारी खाऊगल्ली आणि उद्घाटनाला तीन दिवसांचा महोत्सव. दुसऱ्या वर्षी महोत्सवाचे टेंडर निघेल आणि कलावंत त्यात गाणे म्हणायला पाहुणा म्हणून येईल.

आणि समजा, कमानीपलीकडे खरोखर काही घडले, तर पुढे काय होते याचे दाखले जगभर पडले आहेत. न्यूयॉर्कच्या सोहो भागात कारखाने उठून गेले आणि त्यांच्या रिकाम्या मजल्यांवर चित्रकार राहू लागले. १९७१ मध्ये शहराने नियम बदलून त्याला परवानगी दिली. अमुक माणूस कलावंत आहे असा दाखला शहराचे सांस्कृतिक खाते देत असे. आज त्या मजल्यांखाली महागडी दुकाने आहेत आणि वर राहण्याची ऐपत असलेला उमेदीतला चित्रकार शोधून काढावा लागेल. बीजिंगचा ७९८ हा १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने उभारलेला इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तिथे स्वस्त भाड्याने कलावंत शिरले, मागून पर्यटक आले, त्यांच्या मागून कॉफीची दुकाने आली, भाडी वाढली आणि बऱ्याच कलावंतांनी शहराची कडा गाठली. सर्जनशील माणसे गोळा करा, शहर श्रीमंत होईल, हा विचार ज्यांच्या पुस्तकाने २००२ मध्ये जगभरच्या महापौरांच्या टेबलावर पोचवला त्या रिचर्ड फ्लोरिडा यांनाच २०१७ मध्ये दुसरे पुस्तक लिहून कबूल करावे लागले की अशाच शहरांत विषमता आणि घरांच्या किमती सर्वांत जास्त भडकल्या आहेत.

इतक्या लांब जायचे नसेल तर परळ-लालबाग पाहा. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. जमिनीचे तीन वाटे : एक मोकळ्या जागांसाठी मुंबई महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांचे आवार बहुतेक बांधकामानेच भरलेले, तेव्हा वाट्याला काय आले असेल ते समजून घ्या. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. शाहिरी, भजनी मंडळे, दशावतार, नमन ही सगळी कला ज्या वस्तीत होती तिथे आज काचेचे मनोरे आहेत. कलेची वसाहत कागदावर राखता येते, जमिनीवर राखायला मालक लागतो, आणि कलावंत मालक नसतो.

उत्साही : तुमचे शेवटचे वाक्य मी जपून ठेवतो, कारण माझा मुद्दा तिथूनच पुढे जातो. सोहो, ७९८ आणि परळ या तिन्ही ठिकाणी जागेच्या मालकाला भाडे वाढवण्यापासून किंवा इमारत पाडण्यापासून अखेरपर्यंत कोणी अडवू शकले नाही. तिथे कला हरली असे म्हणण्यापेक्षा भाडेकरू हरला असे म्हणा. भाडे जिथे काही काळ रोखून धरले गेले तिथले उदाहरण आपल्याच घरात आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने प्रयोग सुरू केले. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी काही भांडवल घेऊन आली नव्हती, आणि ते सभागृह म्हणजे काही सजवलेले नाट्यगृह नव्हते. शाळा सुटल्यावर एक मोकळी जागा परवडणाऱ्या भाड्यात मिळत होती, एवढेच. पण त्या एवढ्यावर प्रायोगिक रंगभूमीचा अख्खा कालखंड उभा राहिला आणि चळवळ शाळेच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे ते सभागृह नाटकाला बंद झाले. ‘आविष्कार’ने माहीमच्या महापालिका शाळेत काम चालू ठेवले, पण एका पत्त्यावर रोज जमणारी ती गर्दी पुन्हा तशी जमली नाही. कमान, महोत्सव, रंगीत अक्षरे यांपैकी तिथे काहीच नव्हते. जागा होती तोवर काम झाले.

आता माल कोण उचलणार ते सांगतो. भोसरीतला एखादा गाळा डोळ्यांसमोर आणा. लोखंडी शटर, टेम्पो मागे घेता येईल इतकी दारापुढची जागा, डोक्यावर उंच पत्रे, भिंतीला थ्री फेजचा बोर्ड, बीमला टांगलेली चेन पुली, कोपऱ्यात ग्राइंडर आणि गॅस कटिंगचे सिलिंडर. नेपथ्यकाराला याहून वेगळे काय लागते? शेजारच्या गल्लीत लेझर कटिंगवाला, पलीकडे पावडर कोटिंग, त्याच्या पलीकडे लाकडी पॅटर्न करणारा कारागीर, ज्याचा हात मिलिमीटरच्या भागात चालतो. नाटकांचे सेट, मालिकांचे देखावे, प्रदर्शनांचे स्टॉल, गणेशोत्सवाची सजावट, शोरूमची मांडणी, बागेतली खेळणी हा सगळा व्यवहार आजही महाराष्ट्रात होतोच. पुतळ्यांना मागणी कमी झाल्याचे तर या राज्यात कधी ऐकिवात नाही. ही कामे करणारे हात इथे आहेत आणि ती कामे कल्पून देणारी माणसे दुसरीकडे आहेत. त्यांना एका गल्लीत आणा, एवढीच मागणी आहे. आणखी एक. भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी कित्येक शेड कुलपात असतात. एक पैशाचे बांधकाम न करता आठवड्यातला एक दिवस हाताशी आहे.

शंकेखोर : गुरुवार तुम्हीच काढलात ते बरे झाले, कारण त्यातून माझी खरी शंका मांडता येते. सुट्टी गाळ्याला असते. माणसाला असते का?

या पट्ट्यात कला कशी रुजली ते पाहू. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, साठच्या दशकात टेल्को, बजाज आणि त्यांच्या आगेमागे इतर आले. ४ मार्च १९७० रोजी चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कोकण, मराठवाडा, खानदेश, सातारा-सांगली इथून माणसे आली आणि येताना भारूड, गोंधळ, दशावतार, भजन घेऊन आली. पण ती कला टिकली, वाढली, रंगमंचावर गेली ती कायम नोकरीमुळे. आठ तासांची पाळी, ठरलेली सुट्टी, कँटीन, कंपनीची कॉलनी, कामगारांचे कलामंडळ आणि तालमीसाठी पाळी बदलून देणारा फोरमन. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ उभे राहिले. त्याचा निधी कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या वेळी जमतो, आणि त्याच्या नाट्यस्पर्धांत फिटर, टर्नर आणि स्टोअरकीपर दरवर्षी नाटके करत आले आहेत. कलेला आश्रय देण्याचा याहून स्वस्त आणि याहून प्रामाणिक मार्ग मला तरी माहीत नाही. त्यासाठी कोणी वसाहत आखली नव्हती. वेळ दिला होता.

आज तो वेळ गेला आहे. चाकणला फोक्सवॅगन, महिंद्रा, बजाज, मर्सिडीज सगळे आहेत आणि त्यांच्याभोवती पुरवठादारांचे जाळे आहे. त्यात राबणाऱ्यांचा मोठा हिस्सा कंत्राटी आहे. बीडचा किंवा बिहारचा मुलगा महाळुंगेला किंवा खराबवाडीला एका खोलीत तिघा-चौघांबरोबर राहतो, जादा तास करतो, कारण मूळ पगारात भागत नाही, आणि अकरा महिन्यांनी आपण इथेच असू की नाही हे त्याला सांगता येत नाही. तो कोणत्या नाट्यस्पर्धेची तालीम करणार? नाटकाला महिना-दीड महिना रोज तेच दहाजण भेटावे लागतात. मुंबईच्या गिरणगावाने अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक दिले, नारायण सुर्वे दिले. त्या माणसांचे हाल काही कमी नव्हते, पण वस्ती स्थिर होती, संघटना होती, संध्याकाळी भेटायचा नाका ठरलेला होता. तुम्हाला या शहरात कलावंत हवे असतील तर आधी कामाचे तास आणि कंत्राटाची मुदत यांकडे पाहा. गाळा नंतर.

उत्साही : हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. वसाहत उभारल्याने चाकणच्या मुलाची पाळी आठ तासांची होणार नाही. तसे कोणी भासवले तर ती फसवणूक ठरेल. पण तुमच्या म्हणण्यात एक गृहीत दडले आहे : कायम नोकरी परत येईपर्यंत कलेने थांबावे. ती परत येईल असे मानायला आज काय आधार आहे? आणि तोवर कोण थांबले आहे? पावसाळ्याच्या तोंडावर नदीकाठी आणि पुलांखाली ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, त्यात आयटीआयची मुले असतात, कंत्राटी असतात, मुली असतात. कुणी मोबाइलवर बीट लावून रॅप लिहितो आहे, कुणी पंधरा सेकंदांचे विनोद चित्रित करतो आहे. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा कोणकोणती भजनी मंडळे उभी राहतात ते पाहा. ही माणसे वेळ चोरून कला करत आहेत. ज्याच्याकडे वेळ कमी त्याला जागा जवळ हवी, उलट नव्हे. आठवड्याला चार तास मिळणाऱ्या माणसाने त्यातले दोन तास शिवाजीनगरला जाण्या-येण्यात घालवावेत का? मेट्रो आली हे चांगलेच झाले, पण ती चाकणला जात नाही.

म्हणून मी माझी मागणी थोडी बदलतो. एकाच ठिकाणी एक मोठे, देखणे संकुल नको. भोसरी, चिखली, मोशी, तळवडे आणि पुढे चाकणकडे अशा दहा-वीस शेड हव्यात. एक नाट्यगृह बांधायच्या खर्चात अशा किती जागा भाड्याने घेऊन चालवता येतील याचा हिशेब महापालिकेच्या लेखा विभागाला एका दुपारी करता येईल. वसाहत म्हणजे एका कुंपणातली जागा असायला हवी असे नाही. सारखा नियम, सारखे भाडे आणि सारखी मुदत असलेल्या जागा म्हणजेही वसाहतच.

शंकेखोर : आता तुम्ही कुठेतरी आलात. पण जिथे आलात तिथेच खड्डा आहे. स्वस्त शेड या शहरात होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागातली हजारो बांधकामे काही दिवसांत पाडली. भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेड, लहान वर्कशॉप. बांधकामे अनधिकृत होती, आगी लागत होत्या, इंद्रायणीत काय मिसळत होते हे सगळ्यांना दिसत होते. कारवाईची कारणे खोटी होती असे मी म्हणत नाही. पण परिणाम पाहा. शहरातली सर्वांत स्वस्त काम करायची जागा होती, तीच गेली. तुमचा शिल्पकार जुना पत्रा, गिअर, साखळ्या कुठून आणणार होता? ज्या संस्थेला स्वस्त शेड म्हणजे बुलडोझर लावायची जागा वाटते, तिच्याच हाती तुम्ही स्वस्त शेड राखण्याचे काम सोपवता आहात.

आणि हा नुसता मनोवृत्तीचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. पिंपरी-चिंचवड एके काळी आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून मिरवली ती जकातीवर. कारखान्याच्या दारात येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे तिला पैसा मिळत होता, त्यामुळे कारखाना चालू राहण्यात तिचा थेट स्वार्थ होता. २०१३ मध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्याकडून मिळणारी भरपाई ठरल्याप्रमाणे येऊ लागली, शेड चालो वा बंद पडो. आता महापालिकेला स्वतःच्या हिमतीवर उत्पन्न वाढवायचे तर मार्ग दोन : मालमत्ता कर आणि बांधकाम परवानग्या. एक शेड पाडून तिथे वीस मजले उभे राहिले की दोन्ही वाढतात. तीच शेड ढोलपथकाला आणि नेपथ्यकाराला दिली तर काही वाढत नाही. लोकसंख्या २००१ ला दहा लाख होती ती २०११ ला सव्वासतरा लाख झाली, म्हणजे घरांना गिऱ्हाईकही आहे. जमीन बाजारापासून दूर ठेवायला तुम्ही त्यालाच सांगता आहात ज्याची तिजोरी जमीन बाजारात गेल्यावर भरते.

आणखी एक गैरसमज दूर करू. कारखाना बंद पडला म्हणजे जागा मोकळी झाली असे नसते. बजाजने आकुर्डीत २००७ मध्ये उत्पादन थांबवले तेव्हा अनेकांनी तिथे मॉल आणि बंगले पाहिले. २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. कला येईपर्यंत थांबलेली जागा म्हणून औद्योगिक जमिनीकडे पाहू नका. तिथे पुन्हा कारखाना येऊ शकतो, आणि तो आला तर मला जास्त आनंद होईल. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर साहित्य संमेलन भरले त्याच २०१६ मध्ये कंपनीची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. मांडवात भाषणे कशावर झाली याला महत्त्व आहेच, पण जमिनीचा निर्णय मांडवात झाला नाही.

उत्साही : आकुर्डीचे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. मी औद्योगिक जमीन कलेला द्या म्हणत नाही. औद्योगिक जमीन औद्योगिकच राहू द्या आणि तिथे लहान कलाउत्पादकाला गाळा घ्यायची मुभा द्या म्हणतो. चेतकचा कारखाना आणि पुतळ्याची भट्टी एका झोनमध्ये सुखाने नांदतील. नांदणार नाहीत ते तिसाव्या मजल्यावरचे घरमालक, जे राहायला आल्यावर ग्राइंडरच्या आवाजाची तक्रार करतील. त्या अर्थाने नेपथ्यकार आणि लघुउद्योजक यांचे हित एकच आहे, दोघेही एकाच माणसापुढे हरतात. दोघांनी मिळून मागणी केली तर ती नुसती कलावंतांची मागणी राहणार नाही, आणि पालिकेला ती अनुदान मागणाऱ्यांची रांग म्हणून झटकता येणार नाही.

साधनेही आहेत. औद्योगिक जमिनीचा वापर निवासी किंवा व्यापारी करायचा तर नियमाप्रमाणे काही भाग सार्वजनिक सुविधेसाठी सोडावा लागतो. आजवर त्यावर काय आले? बाग, पार्किंग, दवाखाना, कधी नुसतेच कुंपण. त्या सुविधेच्या यादीत काम करायची शेड बसवा. कारखान्याची एक जुनी शेड पाडू नका, तीच सुविधा म्हणून ताब्यात घ्या. मग ती पालिकेने चालवू नये. गाळेधारकांच्या सहकारी संस्थेला तीस वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने द्यावी. महाराष्ट्राला सहकारी औद्योगिक वसाहती नव्या नाहीत. नोंदणीकृत पट्टा असला की पुढचा आयुक्त, पुढचा पक्ष, पुढचा आराखडा यांना तो सहज मोडता येत नाही. छबिलदासला हाच कागद नव्हता.

शंकेखोर : सहकाराचे नाव काढलेत तर सहकाराचा इतिहासही घ्या. महापालिकेच्या मंडईतले गाळे मूळ कोणाच्या नावावर असतात आणि आत कोण बसलेला असतो, हे मंडईत जाणाऱ्याला माहीत असते. सहकारी संस्थेतही तेच होते : पहिल्या पिढीतला सभासद कष्ट करतो; पुढे गाळा हीच त्याची मिळकत होते, तो पोटभाडेकरू ठेवतो आणि सर्वसाधारण सभेत नव्या सभासदाला विरोध करतो. तीस वर्षांचा पट्टा मालकाला अडवेल, पण त्याच पट्ट्याने आतला कलावंतच छोटा मालक होईल. त्याला कोण अडवणार? कोचीला २०१२ पासून कलेची बिनाले भरते, जगभरचे लोक येतात, पण तिचे मुख्य ठिकाण असलेले एस्पिनवॉल हाउस खासगी मालकीचे होते, त्यामुळे दर वेळी मालकाची मर्जी सांभाळणे आले. तुमच्या वसाहतीत मर्जी सांभाळायची ती आधी आलेल्यांची. आणि गाळा द्यायचा कोणाला? न्यूयॉर्कसारखा दाखला द्यायचा? इथे असा दाखला कोणत्या टेबलावरून आणि कसा निघेल, याची मला तुमच्यापेक्षा जास्त खात्री आहे.

उत्साही : दाखला नकोच. माणूस कलावंत आहे का हे विचारू नये. गाळा वापरात आहे का एवढेच विचारावे. वीजबिल, हजेरी, बाहेर गेलेला माल, झालेल्या तालमी. सलग काही महिने शटर बंद राहिले तर गाळा संस्थेकडे परत. पोटभाडेकरू सापडला तर परत. गाळा विकता येणार नाही, वारसाच्या नावे होणार नाही. पट्टा संस्थेच्या नावाचा, व्यक्तीला फक्त तीन-तीन वर्षांचा वापर. आणि काही जागा कायम तासांवर ठेवाव्यात, कुणालाच न देता, म्हणजे चाकणच्या मुलाला रविवारचे चार तास मिळतील. मला कळते की नियम लिहिणे सोपे आहे.

शंकेखोर : नियम लिहिणे सोपे आहे, आणि तीन वर्षांच्या वापरावर भट्टी बांधायला कोण पैसे घालेल हेही विचारा. मुदत कमी ठेवली तर कोणी गुंतवणूक करणार नाही, वाढवली तर तो मालक होईल. या दोहोंच्या मधली मुदत किती, याचे उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नाही, आणि ज्यांनी जगभर अशा वसाहती काढल्या त्यांच्याकडेही सर्वांना लागू पडेल असे नाही. पण एवढे मी मान्य करतो की आपण सुरुवात केली तेव्हा तुम्ही कलावंतांसाठी जागा मागत होतात आणि मी ती नाकारत होतो. आता आपण दोघे एका पट्ट्यातली कलमे मोजत बसलो आहोत. कंत्राटी मुलाच्या वेळेचा प्रश्न मात्र या पट्ट्यात येत नाही, तो तुम्ही खिशात घालून पुढे जाऊ नका.

उत्साही : खिशात घालत नाही. पण जमिनीचा निर्णय त्याच्या पाळीची वाट पाहणार नाही. मे २०२५ मध्ये महापालिकेच्या सुधारित विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती आल्या. माझे घर जाते, माझे शेत जाते, माझ्या दारातून रस्ता जातो या हरकती रास्तच आहेत. शेड राहू द्या, असे लिहायला गाळ्यातला भाडेकरू आला असेल का?

शंकेखोर : आला असता तरी कोणत्या कलमाखाली? औद्योगिक जमिनीचा वापर बदलताना कारखाना बंद पडलेला असेल, तर कामगारांची कायदेशीर देणी चुकती झाल्याचे कामगार आयुक्तांचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. कामगारांनी भांडून मिळवलेली ती अट आहे. त्याच शेडमध्ये भाड्याने काम करणाऱ्या फॅब्रिकेटरची किंवा नेपथ्यकाराची ना हरकत कुणी मागत नाही. तुमच्या वसाहतीचा पहिला अर्ज महोत्सवाच्या अनुदानाचा असू नये. या एका अटीचा असावा.